राज्य कोणावर?

गेल्या मे महिन्यात माझी आई पन्नास मिनिटं हरवली होती. आता हे हसत सांगता येतं. मंडळाच्या पिकनिकला मी हा किस्सा दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा लोक हसले. पण त्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर पुढे काय झालं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळी अंकाच्या निमित्ताने ते लिहून काढतो.

मंगळवार होता. मी घरूनच काम करत होतो. तीनला मीटिंग संपली, चहा टाकावा म्हणून खाली आलो तर घरात सामसूम. आईचा फोन ओट्यावर चार्जिंगला लावलेला. दारातल्या तिच्या चपला नाहीत. मागच्या डेकवर पाहिलं, गराजमध्ये पाहिलं, बेसमेंटच्या जिन्यात उभं राहून हाक मारली. मग गाडीची किल्ली उचलली.

आई शहात्तर वर्षांची आहे. सांगलीत एकटी राहते. मंडईत जाते, बँकेत जाते, रिक्षावाल्याशी हुज्जत घालते. तिथे ती हरवेल असं माझ्या मनातसुद्धा येत नाही. इथे न्यू जर्सीत येऊन मात्र तिला तीन आठवडे झाले होते आणि त्या तीन आठवड्यांत ती एकटी कधी अंगणाबाहेर पडली नव्हती.

आमची वस्ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वस्तीसारखीच. हमरस्त्यावरून आत यायला एकच रस्ता. तो एका छोट्या चौकात येतो. तिथे सगळ्या घरांच्या टपालपेट्या एका ओळीत उभ्या आहेत आणि शेजारी शाळेच्या बसचा थांबा, एक बाकडं. त्या चौकातून तीन रस्ते फुटतात. मेपल, ओक आणि विलो. प्रत्येक रस्ता पुढे दोन बंद गल्ल्यांमध्ये विभागतो. म्हणजे एकूण सहा कल-डी-सॅक, आणि प्रत्येकाच्या टोकाला गोलात उभी असलेली, एकाच बिल्डरने दोन-तीन नकाशे आलटून-पालटून बांधलेली घरं. "गराजपुढे बास्केटबॉलची रिंग आहे ते आपलं घर," अशी खूण मी आईला सांगून ठेवली होती. नंतर मोजलं तर तशी अकरा घरं निघाली.

आमचं घर ओकच्या डाव्या गल्लीत. मी आधी उजवी गल्ली पाहिली. तिथून मेपलच्या दोन्ही गल्ल्या. नाही. विलोच्या दोन्ही. नाही. मग हमरस्त्यावरच्या भरधाव गाड्या डोळ्यांपुढे आल्या आणि मी वस्तीच्या तोंडाशी गेलो. तिथे दोन्ही बाजूंना पाहिलं आणि पुन्हा मेपलमध्ये आलो, कारण मधल्या वेळात ती तिथे गेली असेल तर? मेधाला फोन केला. तिचं ऑफिस चाळीस मिनिटांवर. शेजारचे निवृत्त गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते, ते म्हणाले, मी पायी बघतो. मी पुन्हा विलो, पुन्हा ओक. एका घराच्या कॅमेऱ्यात तर मी सहा वेळा दिसलो असेन. पोलिसांना फोन करावा का, या विचारात गाडी बाजूला घेतली, तेवढ्यात घरून फोन आला. आमच्या लँडलाइनवरून. ती कोणी वापरतं हेच मी विसरलो होतो.

"बाबा, तू कुठे आहेस?" रेवा विचारत होती. "मी आणि आजी घरी आलोय. आम्हाला भूक लागलीय."

आमची रेवा दहा वर्षांची. तीन चाळीसला बसमधून उतरली तेव्हा आजी थांब्यावरच्या बाकड्यावर बसलेली होती. दोघी हातात हात घालून घरी आल्या. त्या चौकातून मी त्या पन्नास मिनिटांत पाच-सहा वेळा तरी गेलो होतो.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगतो. मी हा विषय शिकलेला माणूस आहे. वीस वर्षांपूर्वी एम.एस. करताना ग्राफ थिअरीचा कोर्स घेतला होता. ग्राफ म्हणजे शाळेतला आलेख नव्हे. इथे ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. बिंदूंना चौक म्हणा, रेघांना रस्ते म्हणा. त्या कोर्समधला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे अशा जाळ्यावर पळणाऱ्याला पकडायचे खेळ. टर्म पेपरही त्यावरच लिहिला होता. आणि त्या भागाची सुरुवातच मुळी हरवलेल्या माणसापासून होते.

अमेरिकेत गुहांमध्ये उतरायचा छंद असलेले बरेच लोक आहेत. त्यांपैकी रिचर्ड ब्रीश नावाच्या माणसाने 1967 मध्ये गुहाप्रेमींच्या एका पत्रिकेत एक प्रश्न मांडला. बोगद्यांचं जाळं असलेल्या अंधाऱ्या गुहेत एक जण हरवला आहे. तो घाबरून इकडेतिकडे भटकतोय. तो नक्की सापडेल याची खात्री हवी असेल तर कमीत कमी किती शोधणारे लागतील? पुढे टॉरेन्स पार्सन्स या गणितज्ञाने 1976 मध्ये त्याला नेमकं गणिती रूप दिलं. त्यातली मेख अशी, की हरवलेला माणूस काही चोर नसतो. पण खात्री हवी असेल तर शोधणाऱ्याने त्याला चोराइतकंच चपळ धरून चालायचं. तुम्ही डावीकडे गेलात की तो उजवीकडे जाणार, तुम्ही पाठ फिरवली की तो तुमच्या मागे येणार, असंच समजायचं. म्हणजे शोधून झालेला बोगदा राखला नाही तर तो पुन्हा 'न शोधलेला' होतो. त्यासाठी पुस्तकात संसर्गाचा शब्द वापरतात. स्वच्छ केलेली खोली दार उघडं राहिल्याने पुन्हा घाण व्हावी, तसं.

सरळ एकच बोगदा असेल तर एक माणूस पुरतो. एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाला निघायचं. तिठा असेल तर दोघं लागतात. एकाने तिठ्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने एकेक फाटा पाहून यायचं. आणि पार्सन्सने दाखवलं, की झाडासारखं फाटे फुटत जाणारं जाळं असेल, आणि त्यात एखाद्या ठिकाणाहून निघणाऱ्या तीन फांद्यांपैकी प्रत्येकीला दोन-दोन माणसं लागत असतील, तर एकूण तिघं लागतातच. दोघांत ते काम कधीच खात्रीने होत नाही.

आता आमची वस्ती आठवा. चौकातून तीन रस्ते, प्रत्येक रस्त्याला पुढे तिठा. रस्त्यांना झाडांची नावं दिली आहेत आणि नकाशाही झाडाचाच. तिघं हवेत. एकाने चौकात ठाण मांडायचं, दुसऱ्याने रस्त्याच्या तिठ्यावर उभं राहायचं, तिसऱ्याने गल्ल्या बघायच्या. मी एकटा होतो आणि सहाही गल्ल्यांमधून गरागरा फिरत होतो. मेपल पाहून विलोत शिरलो की मेपल पुन्हा न पाहिल्यासारखंच. टर्म पेपरला 'ए' मिळाला होता, हे त्या दिवशी गाडीत आठवलंसुद्धा नाही.

रात्री जेवणं झाल्यावर रेवाने विषय काढला. "पण तुला आजी दिसली कशी नाही?" मी कागद घेतला आणि वस्तीचा नकाशा काढला. आईच्या वाटेसाठी शेंगदाणा, माझ्यासाठी राजमा. आई आठवून आठवून सांगत होती आणि आम्ही दाणे सरकवत होतो.

दहा मिनिटांतच आमचं घोडं अडलं. आई म्हणे, "मी घरामागून तळ्याकडे गेले, तिथून वर आले तर हे भलतंच घर." मी म्हटलं, तळ्याकडून रस्ताच नाही. आमच्या गल्लीच्या मागे पावसाचं पाणी साठवायचा एक खड्डा आहे, त्यालाच आम्ही तळं म्हणतो. तेव्हा मेधा म्हणाली, "आहे की. गवतातून पाऊलवाट आहे. कुत्रेवाले सगळे तिकडूनच जातात. मेपलच्या मागे निघते." नऊ वर्षं इथे राहून ही वाट मला ठाऊक नव्हती, कारण त्या वाटेने गाडी जात नाही.

म्हणजे माझा नकाशाच चुकला होता. ओकची आणि मेपलची टोकं मागून जोडलेली होती. झाड राहिलं नव्हतं, त्यात एक वेढा तयार झाला होता. मी चौकातून मेपलमध्ये शिरत होतो तेव्हा आई तळ्याकाठून ओककडे परत येत होती. मी ओकमध्ये आलो तेव्हा ती आपलं घर ओळखू न येऊन पुन्हा तळ्याकडे वळली होती. दोघंही एकाच गोलात, एकमेकांच्या मागे.

"पकडापकडीसारखं!" रेवा म्हणाली. "पण राज्य कोणावर होतं?"

त्यावर तिला मी खेळाचा दुसरा प्रकार दाखवला, कारण तो टेबलावर खेळायला जास्त गंमतीचा. यात सगळ्यांना सगळं दिसतं. पोलीस आधी आपल्या जागा घेतात, मग चोर आपली जागा निवडतो. मग आळीपाळीने चाल करायची. एका चालीत शेजारच्या बिंदूवर जायचं किंवा आहे तिथेच थांबायचं. पोलीस चोराच्या बिंदूवर पोचला की खेळ संपला. हा खेळ फ्रान्समध्ये कियो याने 1978 च्या सुमारास मांडला, आणि स्वतंत्रपणे नोवाकोव्स्की आणि विंकलर या दोघांनी 1983 मध्ये.

झाडाच्या आकारात एकच पोलीस पुरतो. चोर पळत पळत शेवटी बंद गल्लीतच जाणार. पण साध्या चौकोनावर एकटा पोलीस जन्मभर पळत राहिला तरी चोर हाती लागत नाही. चोराने फक्त समोरच्या कोपऱ्यावर राहायचं. रेवाने हे दोन मिनिटांत ओळखलं आणि मला चौकोनाभोवती पंधरा फेऱ्या मारायला लावल्या.

एकट्या पोलिसाला कुठल्या जाळ्यात जिंकता येतं, याचं उत्तर फार सुंदर आहे. असा एखादा बिंदू शोधायचा, की तिथून चोराला जिथे जिथे जाता येतं, त्या सगळ्या जागांवर शेजारच्या एका बिंदूवर उभा असलेला पोलीसही एका चालीत पोचतो. हा झाला कोपरा. तो खोडून टाकायचा. उरलेल्या जाळ्यात पुन्हा कोपरा शोधायचा, तोही खोडायचा. असं करत करत एकच बिंदू उरला तर एक पोलीस पुरेसा. मध्येच अडलं तर चोर कायमचा सुटला.

"आणि दोन पोलीस कमी पडले तर?" मेधाने विचारलं. तीही आता खुर्ची ओढून बसली होती.

1984 मध्ये आयग्नर आणि फ्रोम यांनी सिद्ध केलं, की रेघा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येईल असं कुठलंही जाळं घ्या, कितीही मोठं, तीन पोलीस पुरतात. एखाद्या शहराचा उड्डाणपूल-बोगदे वगळून नकाशा घेतला तरी तीन. त्यापेक्षा कमी प्रत्येक वेळी चालत नाहीत. बारा पंचकोनी बाजू आणि वीस कोपरे असलेला ठोकळा असतो ना, त्याच्या कडांवरून चोर पळत असेल तर दोघांना तो कधीच सापडत नाही. पुलाबोगद्यांनी गुंतलेल्या जाळ्यांना मात्र किती पोलीस लागतील याची अशी पक्की मर्यादा नाही. एकूण बिंदूंच्या वर्गमुळाच्या काही ठरावीक पटीत पोलीस नेहमी पुरावेत, असा मेनिएल या फ्रेंच गणितज्ञाचा अंदाज आहे. तो 1985 पासून तसाच पडून आहे, कोणाला सिद्ध करता आलेला नाही आणि खोटाही पाडता आलेला नाही.

तिघं कसे पुरतात, हे सांगताना मी म्हटलं, की दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची वाट एकट्या पोलिसाला राखता येते. सुरुवातीला थोडा वेळ लागतो, पण एकदा का त्याची जागा जमली, की तो त्या वाटेवरच मागेपुढे सरकत राहतो आणि चोराने त्या वाटेवर पाय ठेवला की पकडला जातो.

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "अरे, मग हे आट्यापाट्याच की. ज्याने त्याने आपली पाटी राखायची. पाटी सोडून पळालास की गेलास."

मी बघतच राहिलो. आई शाळेत असताना खो-खो आणि आट्यापाट्या खेळायची, हे मला माहीत होतं. कपाटात एक काळवंडलेला चषकही आहे. पण टर्म पेपर लिहिताना मला आट्यापाट्या आठवल्या नव्हत्या. दोन पाट्या दोघांनी राखायच्या, चोर मधल्या भागात कोंडायचा, आणि तिसऱ्याने आतून नवी पाटी राखून तो भाग आणखी लहान करायचा. आयग्नर आणि फ्रोम यांची सिद्धता थोडक्यात अशीच आहे.

"खो-खोत तर आणखी मजा," आई रेवाला सांगू लागली. "पळणाऱ्याने मैदानाबाहेर जायचं नाही एवढंच. बाकी नियम सगळे पाठलाग करणाऱ्याला. मागे फिरायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही. म्हणून तर खो द्यायचा. एकटीने पळून कोणी पकडत नाही गं."

शेवटचं वाक्य तिने रेवाला सांगितलं, पण माझ्याकडे बघत.

रेवा झोपायला गेली, मेधा उद्याचे डबे भरायला लागली. मी दाणे वाटीत परत भरत होतो. मी म्हटलं, "आई, फोन तरी न्यायचास. किती शोधलं तुला."

"अरे पण मी पळत होते का?" ती म्हणाली. "मीही तुलाच शोधत होते. मग म्हटलं, आपणही हिंडतोय, तोही हिंडत असेल, असं कसं सापडणार? लहानपणी तुला औदुंबरच्या यात्रेत काय सांगितलं होतं? हात सुटला तर जागचं हलायचं नाही, मी येते. पण मी पडले म्हातारी, मला जागा धड ओळखू येईना. तेवढ्यात लांबून त्या टपालपेट्या दिसल्या. म्हटलं, रेवा बसमधून इथेच उतरते. कोणी नाही आलं तरी ती येणारच. बसले."

यालाही गणितात जागा आहे. हरवलेला पळत नसेल, त्यालाही सापडायचंच असेल, तर तो खेळ पकडापकडीचा राहत नाही, भेटीचा होतो. स्टीव्ह आल्पर्न या गणितज्ञाने 1976 मध्ये हा प्रश्न मांडला. दोघं थांबले तर भेट नाही, दोघं हिंडले तर चुकामूक. आधी काहीच ठरलं नसेल आणि फक्त दोनच खोल्या असतील, तरी दर वेळी नाणं उडवून थांबायचं की दुसऱ्या खोलीत जायचं हे ठरवण्यापेक्षा चांगला उपाय नाही. पण आधी ठरवलेलं असेल तर एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने शोधायचं. या उपायाला त्या विषयातल्या शोधनिबंधांमध्ये चक्क 'वेट फॉर मम्मी' म्हणतात. आईची वाट बघ.

आणि काहीच ठरलेलं नसलं तर? थॉमस शेलिंग यांनी 1960 च्या त्यांच्या पुस्तकात एक प्रसिद्ध उदाहरण दिलं आहे. न्यूयॉर्कमध्ये अमुक दिवशी एकाला भेटायचंय, पण जागा आणि वेळ दोन्ही ठरलेली नाहीत, बोलायची सोय नाही. कुठे जाल? त्यांनी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी बहुतेकांनी ग्रँड सेंट्रल स्टेशनातला चौकशीचा कट्टा सांगितला, दुपारी बारा वाजता. दुसऱ्याला काय सुचेल हे आपल्याला सुचलं की भेट होते. आईने आमच्या वस्तीतलं ग्रँड सेंट्रल बरोबर ओळखलं होतं. मी त्याच चौकातून पुनःपुन्हा गेलो. ती तिथे येऊन बसली तेव्हा मी हमरस्त्याच्या तोंडाशी होतो, आणि नंतर गाडी बाजूला घेऊन पोलिसांचा विचार करत होतो.

हे मी तिला सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, "सकाळी तू ती फाईल ठेवलीस ना माझ्यापुढे."

फाईल म्हणजे ग्रीन कार्डचे कागद. बाबा गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारच्या फोनवर मी एकच विषय काढत होतो. आई, आता इथेच ये. ती कधी नाही म्हणाली नाही. मी विषय काढला की ती गुडघ्यावर जायची, गुडघा झाला की लोणच्याच्या कैऱ्या, मग खालच्या घरातल्या मुलीचं लग्न. एक वाट अडवली की दुसरीकडून निसटायची. मग मी पुण्याहून ताईला बोलायला लावलं, मामांना लावलं. शेवटी रेवाला शिकवून "आजी, तू कायमची ये ना" म्हणायला लावलं. मोजून तीन पोलीस. त्या मंगळवारी सकाळी मी फाईल आणि पेन तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं होतं. माझ्या हिशेबाने तो शेवटचा कोपरा होता.

"मला बघायचं होतं," आई म्हणाली, "इथे मला एकटीला कुठे जाऊन येता येतं का. लांब नाही, टपालपेट्यांपर्यंत. तुला सांगितलं असतं तर तू बरोबर आला असतास."

"मग?"

"जाता आलं. येता नाही आलं."

मला काय बोलावं कळेना. मी म्हटलं, सवय होईल, आपण खुणा करू, फोनवर नकाशा लावून देतो. ती म्हणाली, "होईल रे सवय. मी नाही कुठे म्हणते? पण तू मला कधी विचारलंस का, की मला काय हवंय? तू दर वेळी विचारतोस, कधी येतेस."

मग आम्ही बोलत बसलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती कैऱ्यांकडे गेली नाही. तिला कशाची भीती वाटते ते तिने सांगितलं. रात्री एकटीला काही झालं तर, ही भीती तिलाही आहे, माझ्याइतकीच. फक्त माझ्याशी बोलताना ती कबूल केली की मी लगेच तिकीट काढीन म्हणून ती लपवत होती. मलाही काही सांगायचं होतं. मी तिच्या काळजीपोटी बोलावतो हे अर्धंच खरं होतं. बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी वेळेवर पोचलो नाही. विमान फ्रँकफर्टला अडकलं होतं. ते पुन्हा होऊ नये म्हणून मला ती इथे, माझ्या डोळ्यांसमोर हवी होती. हे मी तिला तोपर्यंत बोललो नव्हतो. तिला ते माहीत होतं असं तिने सांगितलं.

मेधा डबे भरून आली तेव्हा साडेबारा वाजले होते. "अजून नकाशाच चाललाय का?" तिने विचारलं.

सगळं सुटलं असं नाही. आई ठरल्याप्रमाणे जुलैत परत गेली. खालच्या घरातली मुलगी आता रात्री तिच्याकडे अभ्यासाला झोपते, ती सोय आईनेच लावली. दर वर्षी मेपासून जुलैपर्यंत ती इथे येणार आणि दिवाळीला आम्ही तिकडे जाणार, असं ठरलंय. हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा आम्ही सांगलीला असू. फाईल माझ्या टेबलाच्या खणात आहे. सही झालेली नाही, आणि मी विचारलेलंही नाही. निघायच्या आधीच्या आठवड्यात मात्र ती रोज दुपारी एकटी टपालपेट्यांपर्यंत जाऊन येत होती. गल्लीच्या तोंडाशी तिने एका दगडावर रेवाच्या खडूने स्वस्तिक काढलं होतं. पावसाने ते आता गेलं.

एक छोटी गोष्ट राहिली. तुमच्याकडेही होत असेल. रविवारी बोलता बोलता फोन कट होतो. मग मी तिला लावतो, त्याच क्षणी ती मला लावते, दोघांनाही 'बिझी'. दोघंही थोडं थांबतो, आणि पुन्हा दोघंही एकदम लावतो. कधी कधी पाच-पाच मिनिटं हा खेळ चालायचा आणि मग मला नको नको ते सुचायचं. यावर आईनेच एक दिवस नियम केला. "हे बघ, कट झाला की तू हात लावायचा नाही. मी लावीन. तू थांब."

गेल्या रविवारी असाच कट झाला. मी फोन टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसलो. दीड मिनिटाने वाजला.